पन्हळीची जाळी आणि सासूबाईंचा डोळा

माझ्या सासूबाईंना कामाचा असा एकच डोळा उरला होता, आणि तो डोळा चाळीस दिवस माझ्या पन्हळीखाली झोपायला येणार होता. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत, तर पुढे मी जे काही केलं ते का केलं हे तुम्हाला समजेल. कमळला, म्हणजे माझ्या बायकोला, ते अजून समजलेलं नाही.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. सासूबाई, जानकीबाई, वडप्याला राहायच्या. डावा डोळा दहा वर्षांपूर्वीच गेलेला आणि उजव्यात मोतीबिंदू. डॉक्टर दोन वर्षं म्हणत होते, पिकू द्या. जूनमध्ये म्हणाले, पिकला, आता थांबलात तर हाही जाईल. सासूबाई ऐकेनात. मुलगे सांगून थकले, सुना रडून थकल्या. मग मी मध्ये पडलो. मी मध्ये पडायची गरज नव्हती. पण जावई म्हणून तिथे गेलं की चहाबरोबर मान मिळतो, आणि मान मिळाला की माझ्या तोंडून वाक्यं बाहेर पडतात. मी म्हणालो, "आई, चाळीस दिवस माझ्याकडे राहा. तुमच्या डोळ्यावर पाण्याचा थेंब पडणार नाही, ही माझी जबाबदारी."

त्या बराच वेळ माझ्या दिशेने बघत राहिल्या. मी जिथे बसलो होतो त्याच्या थोडं डावीकडे बघत होत्या, पण भावना पोचली.

"तुमी बोलताव म्हनून करते," त्या म्हणाल्या. "डोला गेला तर तुमचे नावान गेला, जावयबापू."

तेव्हाचं ऑपरेशन आजच्यासारखं नव्हतं, की सकाळी गेलं आणि दुपारी गॉगल लावून आलं. डॉक्टरांनी नियमांचा कागदच दिला. पहिले आठ दिवस उताणं झोपायचं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. चाळीस दिवस डोळ्याला पाणी लागता कामा नये. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, रडायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही. धुराजवळ झोपायचं नाही. खाली हाताने लिहिलं होतं, 'भांडू नये.' आमच्या कुटुंबाची त्यांना माहिती कुठून मिळाली कोण जाणे.

आता आमचं घर. कामतघरला दोन खोल्या. आतल्या खोलीत स्टोव्ह, म्हणजे धूर. बाहेरच्या खोलीत तीन कोपरे, कारण चौथ्या ठिकाणी दार आहे. एका कोपऱ्यात कपाट, एकात खिडकीची तिरीप. उरला एकच कोपरा, आणि त्याच्या बरोबर वर पन्हळ.

ही पन्हळ आमची एकट्याची नाही. आमच्या कौलांचा उतार एका बाजूने आणि शेजारच्या दाऊदभाईंच्या लूमशेडच्या सिमेंटच्या पत्र्यांचा उतार दुसऱ्या बाजूने, असे दोन्ही उतार त्या एका वीतभर रुंद पत्र्याच्या पन्हळीत येतात. दाऊदभाईंची भिंत उंच, माझी ठेंगणी. त्यामुळे पन्हळ तुंबली की पाणी विचार करत बसत नाही, सरळ माझ्याकडे येतं. आणि पन्हळ तुंबते, कारण शेडमध्ये बारा लूम, म्हणजे विजेवरचे माग, आहेत, शनिवारी सकाळी सुरू झालेले ते गुरुवारी रात्री थांबतात, आणि तेवढा वेळ शेडच्या झरोक्यांतून कापूस उडत असतो. आमच्या गल्लीत चाळिशीतला माणूस लांबून साठीचा दिसतो. जवळ आला की झटकतो आणि पुन्हा चाळिशीचा होतो.

दरवर्षी बादली लावून आमचं भागत होतं. पण बादली जिथे ठेवायचो तिथे आता सासूबाईंचा डोळा येणार होता. तेव्हा मी ठरवलं, पन्हळीला जाळी बसवायची. कापूस वर राहील, पाणी खाली जाईल. इतकी साधी कल्पना होती की ती आपल्याला सुचली याचा मला थोडा गर्वच वाटला.

गर्वाची बातमी गल्लीत लगेच पसरते. पहिला आला बाळाराम. खाडीवर मासेमारी करून आता नातवंडं सांभाळणारा माणूस, समोरच राहतो. त्याने घरातून नायलॉनच्या जुन्या जाळ्याचा तुकडा आणला आणि म्हणाला, यात बोय मासा सापडतो तर कापूस काय चीज आहे. हार्डवेअरवाल्याने कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी दाखवली, आणि दुसरी, खिडकीला डासांसाठी लावतात ती बारीक. ती बोटावर घासून तो म्हणाला, साहेब, यातून हवा पण विचारून जाते. कमळचं म्हणणं, जाळीबिळी काही नको, आईला वडप्यालाच ठेवू. ते मी ऐकलं नाही असं दाखवलं. जावयाने दिलेला शब्द असा घरात कोपरा नाही म्हणून परत घेता येत नाही.

तीन नमुने घेऊन मी कचेरीत गेलो. कोणती कचेरी ते विचारू नका, पेन्शन अजून तिथूनच येतं. मी आवक-जावकला होतो. आमच्या गोल शिक्क्यात मधोमध समई आहे, आणि एकवीस वर्षांत मी मारलेल्या एकाही शिक्क्यात ती समई वाकडी झाली नव्हती. लोकांना असल्या गोष्टींची किंमत नसते. असो. शेजारच्या टेबलावरच्या अनंताने नमुने पाहिले, चष्मा कपाळावर घेतला आणि म्हणाला की पन्हळ सामायिक आहे, आज दाऊदभाई चांगले आहेत, उद्या मुलं कशी निघतील सांगता येत नाही, तेव्हा कागदावर घे. चांगल्या माणसाच्या न जन्मलेल्या भांडणाची तयारी करायची, हे कचेरीत शिकवावं लागत नाही.

मी अर्ज केला. विषय: सामायिक पन्हळीस जाळी बसविणेबाबत. तो आवक झाला तो माझ्याच टेबलावर. मी पाहिलं तर सोबत नकाशा नव्हता आणि प्रती दोनच होत्या. तीन प्रतींचा नियम मीच सुरू केलेला. आता काय करणार? मी अर्जावर 'त्रुटी' असा शेरा मारला, अर्ज अर्जदाराला परत केला आणि घरी आल्यावर अर्जदार म्हणून फार अपमानित झालो. जेवताना कमळने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, कचेरीतले लोक.

दुसऱ्यांदा अर्ज आत गेला. बांधकामवाल्यांनी लिहिलं, विषय पाण्याचा आहे. पाणीवाल्यांनी लिहिलं, हे पावसाचं पाणी, आमचं नळाचं. आरोग्याकडे गेला तेव्हा तिथल्या साहेबांनी विचारलं, सदर पन्हळीत डासांची पैदास होते काय, खुलासा करावा. मी खुलासा केला की पाणी साचलं तर होत असावी. त्यावर शेरा आला: 'डासप्रतिबंधक जाळी असल्यास विचार करता येईल.' अंतिम परवानगी नंतर. इकडे ऑपरेशनची तारीख ठरली, पंधरा दिवसांनी शनिवारची.

तरी मी एकदम कुठल्याही जाळीच्या नादी लागलो नाही. मी शास्त्रीय माणूस आहे. तिन्ही जाळ्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. त्यासाठी वर चढायला शिडी दाऊदभाईंची लागणार आणि पाय त्यांच्या पत्र्यावर पडणार. दाऊदभाई म्हणाले, "केसरीनाथ, शुक्रवारी चढ. बाकीचे दिवस शेड हलते, तू पण हलशील. माझा पत्रा फुटला तर नवीन येईल, तू फुटलास तर तुझी सासू मला विचारील."

बरोबरच होतं. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. घराला रंग, टाकीची सफाई, मुलांचे केस, जे काही करायचं ते सगळे शुक्रवारीच करतात. मी शुक्रवारची किरकोळ रजा टाकली.

परीक्षेला कचरा हवा. आमच्या गल्लीत झाड नाही. म्हणून मी सकाळी तलावाकाठी जाऊन पिंपळाची आणि बदामाची वाळलेली पानं पिशवीभर आणली. वाटेत दोघांनी विचारलं, पूजा आहे का. वर चढून मी पन्हळीवर तीन तुकडे बांधले, पानं टाकली आणि प्रत्येकावर मोजून दोन बादल्या पाणी ओतलं. निकाल वहीत लिहिला. खुराड्याची जाळी: पानं आत, नापास. बाळारामचं जाळं: मध्ये पोटासारखं लोंबलं, पानांसकट, नापास. डासांची जाळी: पानं घसरून खाली, पाणी आत, पहिला वर्ग.

खाली बाळाराम उभा होता. स्वतःचं जाळं नापास झालेलं पाहून तो दुखावला. "पानी हाय तं," तो म्हणाला, "त्याला वाट दे. चालनी काय देतोस?" मी वरून म्हटलं, बाळाराम, निकाल वहीत आहे. तो वही न बघताच गेला.

दाऊदभाईंच्या पत्नी, सालेहाभाभी, वरच्या गॅलरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. सगळा प्रकार त्या सकाळपासून बघत होत्या. शेवटी हाक मारून म्हणाल्या, "भाऊ, चाललंय ते चांगलंच हाय. पण आज जुम्मा हाय, ध्यानात घ्या."

मला वाटलं, नमाजाच्या वेळेला वर बादल्या वाजवतोय ते त्यांना आवडलं नसावं. मी म्हटलं, भाभी, पाच मिनिटांत उतरतो. त्या पुन्हा तांदळाकडे वळल्या. मी आपला नमुने सोडून, वही खिशात घालून खाली उतरलो. एवढ्या सज्जन बाईला आपल्यामुळे त्रास झाला, याचं मला दिवसभर वाईट वाटत होतं.

पुढच्या शुक्रवारी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, मी डासांची जाळी पन्हळीवर टोकापासून टोकापर्यंत बसवली. तारेचे बेचाळीस फास मारले, प्रत्येक फास पक्कडीने तीनदा पिळला. दाऊदभाई म्हणाले, हे काय, तुरुंग आहे की पन्हळ. मी म्हटलं, एकदा केलं की पुन्हा बघायला नको. हे वाक्य मी आयुष्यात तीन वेळा उच्चारलं आहे आणि तिन्ही वेळा नंतर बघावंच लागलं.

शनिवारी ऑपरेशन झालं. उत्तम झालं. मंगळवारी सासूबाईंना वडपे नाक्याजवळच्या दवाखान्यातून जीपने घरी आणलं, मागच्या बाकावर उताणं, डोकं कमळच्या मांडीवर. वडपे नाका ते कामतघर, तेवढ्या रस्त्यात जेवढे खड्डे होते तेवढ्या वेळा मी ड्रायव्हरला हळू म्हणालो. त्यांना कोपऱ्यातल्या कॉटवर निजवलं. दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोळ्यावर पांढरी पट्टी, तोंड वर. आणि तोंडाच्या बरोबर वर, कौलांच्या पलीकडे, माझी जाळी.

बुधवारी पावसाची भुरभुर झाली. गुरुवारीही. खाली एक थेंब आला नाही. मी दर तासाला बाहेर जाऊन मान वर करून पन्हळीकडे बघायचो. जाळी पांढरी स्वच्छ चमकत होती. कमळला बोलावून दाखवली. ती म्हणाली, नवीन होती तेव्हा काळपट होती ना? मी म्हटलं, पाण्याने धुतली जाते आहे.

हे वाक्यही लक्षात ठेवा. मला विसरायचं आहे.

शुक्रवारी माझी पाळी होती. मी अर्धी रजा टाकून सासूबाईंजवळ बसलो आणि कमळ डोळ्यात घालायचं औषध आणायला नारपोलीला गेली. दुपारचा एक वाजला असेल. पुरुष मंडळी नमाजाला गेली होती. लूम बंद. बाकीचे सहा दिवस आमच्या घरात माणूस माणसाशी ओरडूनच बोलतो, त्यामुळे शुक्रवारची शांतता अशी वाटते की कानात काहीतरी बिघाड झालाय. त्या शांततेत पाऊस आला. भुरभुर नव्हे. वरून कोणीतरी पिंप पालथं करावं तसा.

मी निश्चिंत होतो. खरं सांगतो, मी पेपर वाचत होतो.

"जावयबापू," सासूबाई ओठ न हलवता म्हणाल्या. मान हलवायची नाही म्हटल्यावर त्यांनी ओठही बंद केले होते. "कौलात पानी चालते. ऐका."

मी ऐकलं. काहीच ऐकू आलं नाही. मग टप्प असा एक आवाज आला. उजव्या वाळूच्या पिशवीवर गोल ओला डाग होता. मी त्याच्याकडे बघत असतानाच दुसरा डाग पडला, उशीवर, पट्टीपासून चार बोटांवर.

पुढच्या क्षणी मी काय केलं ते माझं मलाच नंतर कळलं. आतून पीठ मळायची पितळी परात उचलून आणली आणि दोन्ही हातांनी सासूबाईंच्या तोंडावर छत्रासारखी धरली. थेंब परातीत वाजायला लागले. टण, टण, मग टणटणटण, आणि मग वाजायचे बंद झाले, कारण परातीत पाणी साठलं होतं. कॉट सरकवावी तर वाळूच्या पिशव्यांसकट बाई हलणार. परात खाली ठेवावी तर धार सरळ पट्टीवर. सोडून वर जावं तर तेच. पितळेची परात मुळातच जड, आणि मी आयुष्यात शिक्क्याहून जड वस्तू उचललेली नाही.

"परात भरली का?" सासूबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, अर्धी.

"हात थरथरते तुमचा."

मी म्हटलं, नाही, पाण्याच्या लाटा आहेत.

मग मी ओरडलो. एकवीस वर्षं मी हळू आवाजात नियम सांगण्यात घालवली होती, पण लूम बंद असलेल्या कामतघरला ओरडलेलं सगळ्यांना ऐकू जातं. दोन मिनिटांत दारात आठ-दहा माणसं जमली. आणि तुम्हाला वाटेल, एकाने तरी परातीला हात लावला असेल. एकाने विचारलं, हे कौलांतून येतंय की भिंतीतून. दुसऱ्याने सांगितलं, डांबर लावायला हवं होतं, मार्चमध्ये. तिसऱ्याने विचारलं, म्हातारी बरी आहे ना, आणि उत्तर मिळायच्या आत डांबराच्या चर्चेत सामील झाला. पाणी परातीच्या काठाला आलं. एक थेंब काठावरून ओघळला, माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला आणि तिथे लोंबत राहिला. माझं कोपर सासूबाईंच्या पट्टीच्या बरोबर वर होतं. मी कोपर बाजूला करू शकत नव्हतो. मी फक्त त्या थेंबाकडे बघू शकत होतो.

तेवढ्यात गर्दीतून बाळाराम आत आला. त्याने एका हाताने माझं कोपर पुसलं, दुसऱ्या हाताने परातीचा काठ धरला, पायाने कॉटखालची बादली ओढली आणि परात तिरकी करून पाणी तिच्यात असं सोडलं की एक शिंतोडा उडाला नाही. होडीतलं पाणी उपसून उपसून म्हातारा झालेला हात होता तो. मग परात स्वतः धरली आणि मला म्हणाला, "मी हाय हितं. जा वर, काढ तुझी चालनी."

शिडी दाऊदभाईंच्या शेडमध्ये, शेडला कुलूप, किल्ली दाऊदभाईंच्या खिशात आणि खिसा मशिदीत. मी पाण्याच्या पिंपावर चढलो, पिंपावरून भिंतीवर, भिंतीवरून पन्हळीच्या कडेला. सेहेचाळीस वर्षांचा, लेंग्यातला, सरकारी मान्यताप्राप्त माणूस. वर पोचलो आणि पन्हळ पाहिली.

पन्हळ नव्हतीच. तिथे एक पांढरी गोधडी अंथरलेली होती. सहा दिवसांचा बारा लूमचा कापूस माझ्या जाळीवर बसला होता. ताण्याच्या सुताला खळ लावतात, कपड्याला स्टार्च लावतात तशी. ती खळ त्या कापसात होती. बुधवारी, गुरुवारी भुरभुर पावसात ती भिजली, मध्ये उन्हात वाळली, पुन्हा भिजली, पुन्हा वाळली. बोटाने ठोकलं तर पुठ्ठ्यासारखा आवाज आला. पन्हळीवर मी झाकण बसवलं होतं. पाऊस त्या झाकणावरून घसरगुंडी खेळत माझ्या कौलांत उतरत होता, आणि झाकणाखाली पन्हळ कोरडी होती.

सालेहाभाभी गॅलरीत आल्या होत्या. डोक्यावर पाट धरून उभ्या. त्यांना पाहिलं आणि मला एकदम सगळं समजलं. शुक्रवारी कापूस उडत नाही. ज्या दिवशी कापूस नसतो त्या दिवशी, जिथे पानं नसतात तिथे, मी पानांवर परीक्षा घेतली होती. आणि पहिला वर्ग दिला होता.

मी जाळी उचकटायला लागलो. बेचाळीस फास, प्रत्येक तीनदा पिळलेला. पक्कड घरात राहिली होती. नखाने एक सुटला, दाताने एक सुटला. मी स्वतःच्या कामाला एवढ्या शिव्या आयुष्यात दिल्या नाहीत. खालून बाळारामचा आवाज आला, परात परत भरत आली. मी पन्हळीच्या टोकाकडे गेलो, जाळीची कड दोन्ही हातांत धरली, पाय भिंतीला लावले आणि सगळ्या वजनाने मागे झुकलो.

बेचाळीसपैकी बाकीचे चाळीस एकदम सुटले. जाळी, कापूस, खळ आणि पाणी असं सगळं मिळून एक लांबलचक ओलं अंथरूण हवेत उडालं आणि गल्लीच्या बाजूला गेलं. त्याच क्षणी नमाज संपवून, कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून, छत्री उघडायच्या बेतात दाऊदभाई कोपऱ्यावरून वळले.

अंथरूण त्यांना डोक्यापासून पायापर्यंत नीट लपेटून बसलं.

त्या आवाजाने घरात बाळाराम दचकला. मी वर होतो, मला दिसलं नाही. मला फक्त परात फरशीवर पडल्याचा आवाज आला, पितळ गोल गोल फिरून थांबल्याचा आवाज आला, आणि मग काहीच आवाज आला नाही. पाणी आता पन्हळीतून खळाळत चाललं होतं, पण मला ते ऐकू येत नव्हतं. मी भिंतीवर बसलो होतो आणि माझ्यात खाली उतरायचं धाडस नव्हतं. 'तुमचे नावान गेला' एवढंच डोक्यात घुमत होतं.

मग आतून सासूबाईंचा आवाज आला, सपाट, बंद ओठांतून आल्यासारखा.

"पाय भिजलं. डोला सुका हाय. आता कोनी काय बोलू नका, मना हसू येते, आन मना हसाला बंदी हाय."

मी भिंतीवर बसल्या बसल्या रडलो. मला बंदी नव्हती.

खाली दाऊदभाईंनी चेहऱ्यावरून कापूस बाजूला केला, बोटात धरून पारखला आणि वर माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "माझंच सूत आहे हे. आठवड्याचा सगळा माल परत दिलास." मग आत जाऊन त्यांनी आधी सासूबाईंची विचारपूस केली. कपडे नंतर बदलले. बाळारामचं म्हणणं आजही असं आहे की परात त्याने मुद्दाम पायाकडे टाकली. त्यावर मी वाद घालत नाही. त्याचं म्हणणं वहीत लिहून घ्यायला मी तयार आहे.

पुढच्या आठवड्यात पट्टी निघाली. डॉक्टरांनी विचारलं, काय दिसतं. सासूबाई माझ्याकडे बघून, या वेळी बरोबर माझ्याकडे बघून, म्हणाल्या की धुरकट दिसतं, पण जावयाचं डोकं पांढरं झालं, माझे पायी झालं. डोळ्यांत पाणी आणायलाही बंदी होती म्हणून मी घाईघाईने केस झटकून दाखवले.

जाळी परत लावली नाही. सालेहाभाभींनी मला समोर बसवून सांगितलं की लूमच्या गल्लीत पन्हळीला एकच इलाज, शुक्रवारी हाताने साफ करायची. त्यांचे सासरे करायचे, त्यांच्या आधीचे करायचे. मी विचारलं, त्या दिवशी सांगितलं का नाही. म्हणाल्या, सांगितलं की. तुमच्याकडे वही होती.

तेव्हापासून शुक्रवारी सकाळी कामावर जायच्या आधी मी शिडीवर असायचो. चाळीस दिवस संपले, सासूबाईंना बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा मिळाला. वडप्याला परत जायचं त्यांनी नाव काढलं नाही. खुर्ची अंगणात घेऊन बसायच्या आणि खालून सांगायच्या, तिथं राहिला, हितं राहिला, कौलाचे खाली हाय तो काढा. पन्हळीतली एवढीशी रुई त्यांना खालून दिसायची. मला वरून दिसायची नाही.

दिवाळीच्या आसपास एका रजेच्या शुक्रवारी मी शिडीवर असताना पोस्टमन आला. कचेरीचं पत्र. सामायिक पन्हळीस डासप्रतिबंधक जाळी बसविण्यास हरकत नसावी, मात्र ती बसविल्याबाबत एक महिन्यात पाहणी करून घ्यावी. हे पत्र जावक केलं मीच, ऑगस्टमध्ये. वाचलं नव्हतं, कारण जावक करणाऱ्याने पत्र वाचू नये, हाही माझाच नियम. कपाटातल्या कुठल्या गठ्ठ्यात ते इतके दिवस होतं, याची मी चौकशी करणार होतो.

मी वरून म्हटलं, आई, सरकारी पत्र आहे, जपून ठेवा, शिक्का मीच मारलेला आहे. आवाजात जरा अभिमान होता, तो मी नाकारत नाही.

सासूबाईंना अक्षर येत नाही. त्यांनी कागद चष्म्यापाशी नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

"जावयबापू," त्या म्हणाल्या, "ही समई उलटी हाय."

मी शिडीवरून उतरलो. वात खाली, बूड वर, आणि तारीख त्या शनिवारची, परातीच्या दुसऱ्या दिवसाची. त्या दिवशी माझे हात खांद्यापर्यंत उचलत नव्हते. खाली माझी सही.

"ऱ्हाऊ द्या," सासूबाई कागदाची घडी घालत म्हणाल्या. "कोनाला सांगत न्हाय मी. वर जा, डावे हाताला अजून कापूस हाय."